मांजरं आणि ससा एका घरात: सगळं सशाच्या कलानं

त्या सकाळी आमच्या सशिणीच्या, म्हणजे खारीच्या, ट्रेमध्ये एकही लेंडी नव्हती. रात्री घातलेलं गवत जसंच्या तसं होतं आणि ती कपाटाच्या फटीत अंग आक्रसून बसली होती. आदल्या संध्याकाळी काय झालं होतं? म्हटलं तर काहीच नाही. गवत भरताना माझ्याकडून मधली जाळी उघडी राहिली, आमचा बोका बंड्या आत शिरला, खारी पळाली म्हणून तोही मागे धावला आणि दहा सेकंदांत मी त्याला उचललं. तिला नख लागलं नव्हतं की दात. पण डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि आतडी मंदावल्याचं सांगितलं. पुढचे तीन दिवस मी दर काही तासांनी सिरिंजनं तिला पातळ खाणं भरवत होते. चौथ्या दिवशी ट्रेमध्ये सात-आठ बारीक लेंड्या दिसल्या तेव्हा मला रडू आलं.

सशाचं पोट जात्यासारखं असतं, वरून घास पडत राहिला तरच फिरतं. दहा-बारा तास पोटात काही गेलं नाही की ते अडतं, आणि अडलेलं पोट सशाचा जीव घेऊ शकतं. खाणं थांबण्याची कारणं बरीच आहेत. दात वाढणं, दुखणं, उकाडा आणि नुसती भीतीसुद्धा.

मांजर आणि ससा एकमेकांच्या कुशीत झोपलेत असे व्हिडिओ पाहून आपण घाई करतो. मीही केली. आता माझं मोजमाप एकच आहे: मांजर खोलीत असताना ससा निवांत गवत चघळतो का? चघळत असेल तर जमलं. मग ते एकमेकांकडे ढुंकून बघत नसले तरी माझी तक्रार नाही. खाली जे लिहिलंय ते सगळं या एका मोजमापाला धरून आहे. आमच्याकडे तेव्हा मांजरं दोन, मनी सहा वर्षांची आणि बंड्या दोन वर्षांचा, आणि खारी, बेकरीतल्या खारीच्या रंगाची, सव्वादोन किलोंची ससीण. त्यांना एका घरात स्थिरस्थावर व्हायला साधारण तीन महिने लागले.

आधी जोडी जमण्यासारखी आहे का ते पाहा

सगळ्यांत सोपी जोडी म्हणजे मोठा, धीट, दोन किलोंच्या वरचा ससा आणि त्याच्या घरात नव्यानं आलेलं मांजराचं पिल्लू. पिल्लाला समोरचा प्राणी आपल्यापेक्षा मोठा दिसतो आणि तेच डोक्यात बसतं. सगळ्यांत अवघड जोडी याच्या उलट: मोठं मांजर आणि मुठीत मावणारं सशाचं पिल्लू. मांजराच्या दृष्टीनं ते पिल्लू आणि घूस यांत फरक नाही. तुमच्याकडे मोठी मांजरं असतील तर सशाचं पिल्लू आणू नका, वाढलेला ससा दत्तक घ्या. ससे कंटाळा आला म्हणून सोडून दिले जातात, त्यामुळे प्राणी वाचवणाऱ्या संस्थांकडे मोठे ससे असतात.

मांजराचा स्वभावही प्रामाणिकपणे बघा. जे मांजर खिडकीतून कबुतर दिसलं की दात कटकटवतं, पाल दिसली की रात्रभर हटत नाही, त्याच्याबरोबर ससा ठेवणं म्हणजे आयुष्यभराचा पहारा. दोन मांजरं असतील तर प्रत्येकाचा विचार वेगळा करावा लागतो. आमच्या मनीनं आठवड्याभरात खारीकडे पाठ फिरवली. बंड्याला अडीच महिने लागले.

बाजारात सर्रास मिळणाऱ्या पांढऱ्याशुभ्र, लाल डोळ्यांच्या सशांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. त्यांच्या डोळ्यांत रंगद्रव्य नसतं, नजर अधू असते आणि प्रखर उजेडाचा त्रास होतो. नीट दिसावं म्हणून असा ससा डोकं डावी-उजवीकडे हलवत राहतो. मांजर दबक्या पावलांनी आलं तर त्याला उशिरा कळतं. अशा सशाला प्रत्येक पायरीवर जास्त दिवस द्या आणि मांजराच्या पट्ट्याला छोटं घुंगरू बांधा. पट्टा मात्र ताण पडला की आपोआप सुटणारा हवा, नाहीतर तो कुठेतरी अडकून मांजराला फास बसू शकतो.

मांजर ही सशाची सोबत होऊ शकत नाही, हेही आधीच मनाशी धरा. ससा कळपातला प्राणी आहे, त्याची भाषा सशालाच कळते. ‘तो एकटा आहे म्हणून मांजर आणतो’ हा विचार मनात असेल तर त्याऐवजी नसबंदी झालेला दुसरा ससा आणा.

पहिला खर्च डॉक्टरांवर

ससा पाहणारे डॉक्टर आधी शोधून ठेवा. कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक दवाखान्यात ससा तपासला जाईलच असं नाही. मुंबईकरांना परळचं ‘बैलघोडा’ रुग्णालय माहीत असतं, पुण्या-नाशिकातही दवाखाने पुष्कळ आहेत. तरी फोन करून थेट विचारा: तुमच्याकडे ससे नेहमी येतात का, सशांची नसबंदी करता का, आणि रात्री काही झालं तर कुठे जायचं? ऑपरेशनच्या आदल्या रात्री सशाला उपाशी ठेवायला सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. सशाला उलटी होतच नाही, त्यामुळे मांजराप्रमाणे त्याला रात्रभर उपाशी ठेवण्याचं कारण नसतं, उलट त्यानं पोट अडतं.

नसबंदी सशाची आणि मांजराची, दोघांचीही करा. वयात आलेला नर ससा मांजराच्या अंगावर चढतो, भोवती गोल गोल फिरतो, मुतानं खुणा करतो, आणि वैतागलेलं मांजर एक दिवस पंजा मारतं. मादी आपल्या जागेसाठी अंगावर धावून जाते. शिवाय नसबंदी न केलेल्या माद्यांमध्ये वय वाढलं की गर्भाशयाचा कॅन्सर फार आढळतो. ऑपरेशननंतर नराचं वागणं निवळायला काही आठवडे लागतात, भेटीगाठी त्यानंतरच सुरू करा. मांजरांचं ट्रायकॅटचं आणि रेबीजचं लसीकरण पूर्ण असू द्या. सगळ्यांची नखं कापा, सशाचीही. सशाची मागची लाथ मांजराचा डोळा फोडू शकते.

नवा प्राणी कोणताही असो, पहिले दोन आठवडे तो वेगळ्या खोलीत राहील. नायटा मांजराकडून सशाला, सशाकडून मांजराला आणि दोघांकडून आपल्याला होतो. पिसवाही अशाच फिरतात. कानामागे, नाकाजवळ केस गेलेले गोल चट्टे दिसले तर भेटीगाठी थांबवा.

आता या लेखातली सगळ्यांत महत्त्वाची सूचना. मांजरांच्या पिसवांसाठी मानेवर जे थेंब टाकतात किंवा फवारा मारतात, त्यांपैकी अनेकांत फिप्रोनिल हे औषध असतं. मांजराला ते चालतं. सशासाठी ते विष आहे, आकडी येऊन ससा दगावू शकतो. औषध सशाला लावलं तरच धोका असं नाही. ससा मांजराची मान चाटतो, त्याच गादीवर लोळतो, तेवढंही पुरेसं होऊ शकतं. म्हणून मांजरांच्या डॉक्टरांना प्रत्येक वेळी सांगा, ‘घरात ससा आहे.’ सेलामेक्टिनसारखी सशांनाही चालणारी औषधं आहेत, पण ती वजनानुसार डॉक्टरच ठरवतील. कोणतंही औषध लावलं तरी निदान दोन दिवस मांजर आणि ससा वेगळे ठेवा. खोक्यावरचे घटक वाचण्याची सवय लावून घ्या. हेच मांजरांच्या बाबतीतही लक्षात ठेवा: कुत्र्यांसाठीच्या थेंबांतलं परमेथ्रिन मांजरांना मारतं आणि आपल्या डब्यातली पॅरासिटॅमॉलची एक गोळीसुद्धा.

घराची मांडणी

सशाला स्वतःची अशी जागा हवी, जिथे मांजराला कधीही प्रवेश नाही. वेगळी खोली मिळाली तर उत्तम. वन बीएचकेमध्ये हॉलचा एक कोपरा किंवा बंद बाल्कनी वापरावी लागते. आम्ही फॅब्रिकेशनवाल्याकडून बेडरूमच्या दाराला जाळीचं दुसरं दार करून घेतलं. हा खर्च करताना जीवावर आलं होतं, आज वाटतं पहिल्याच दिवशी करायला हवा होता. डासांची नायलॉन जाळी लावू नका, ससा ती दोन रात्रींत कुरतडतो. लोखंडी किंवा स्टीलची वेल्डमेश घ्या आणि खालच्या दोन फुटांत भोकं अर्धा इंचाची ठेवा, नाहीतर मांजराचा पंजा कोपरापर्यंत आत जातो. कोपऱ्यात सुटं कुंपण उभं करणार असाल तर वरून झाकण लागेल. मांजर ४-५ फूट सहज उडी मारतं.

दुकानात मिळणारे छोटे पिंजरे सशासाठी नाहीतच. तळाला जाळी असेल तर पायाखाली जखमा होतात. गुळगुळीत टाइल्सवर ससा घसरतो आणि घसरणारा ससा घाबरलेला असतो, म्हणून जुनी सतरंजी, गोधडी किंवा कॉयरची चटई अंथरा.

लपायला जागा द्या, पण तिला तोंडं दोन ठेवा. एकाच भोकाचं खोकं म्हणजे पिंजराच, मांजर तोंडाशी बसलं की ससा अडकला. किराणा दुकानातून पुठ्ठ्याची मोठी खोकी आणा, समोरासमोर दोन भोकं कापा, आतून एक आडवी भिंत घाला. अशी निदान दोन-तीन खोकी हवीत.

मांजराला मात्र उंची द्या. भिंतीवरच्या फळ्या, कपाटाचा माथा, खिडकीतली बैठक. जमीन सशाची, वरचा मजला मांजराचा अशी वाटणी झाली की निम्मे तंटे मिटतात. फक्त सशाच्या जागेच्या अगदी वर मांजराची फळी नको. वरून खाली पडणारी सावली म्हणजे सशाच्या रक्तात घार. लहान मुलांनाही हेच शिकवा, सशाला वरून झडप घालून उचलायचं नाही. उचललेला ससा धडपडून मागचे पाय झाडतो तेव्हा त्याचा कणा मोडू शकतो.

लिटर ट्रे पूर्णपणे वेगळे ठेवा. मांजरांचं गठ्ठा होणारं मातीचं लिटर ससा चघळतो आणि ते त्याच्या पोटात गोळा होऊन बसतं. सशासाठी कागदाच्या किंवा भट्टीत वाळवलेल्या लाकडाच्या गोळ्यांचं लिटर आणि वर गवत. मांजराची विष्ठा सशाच्या गवतात मिसळता कामा नये, टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी तिथूनच जातो. गवत साठवलेल्या पिशवीवर मांजरांना झोपायला फार आवडतं, म्हणून पिशवीचं तोंड घट्ट बांधून ती उंच ठेवा.

खाण्याचंही तसंच. मांजरांचं ड्राय फूड सशाला भारी आवडतं आणि त्यातली प्रथिनं नि चरबी त्याच्या पोटाला झेपत नाही. मांजरांच्या वाट्या ओट्यावर किंवा फळीवर, दिवसभर भरलेल्या नाहीत, वेळेवर. सशाला गवत अखंड हवं, रोज त्याच्या अंगाएवढा भारा. ऑनलाइन टिमोथी गवत मिळतं, महाग आहे. स्वच्छ जागची, फवारणी नसलेली हरळी आमच्याकडे रोज येते. गणपतीत दूर्वांच्या जुड्या विकणाऱ्या मावशी वर्षभर आम्हाला हरळी देतात. लसूणघास मोठ्या सशाला रोज नको, त्यात कॅल्शियम जास्त असतं. कोथिंबीर चालते, मेथी थोडी, पालक क्वचित. गाजर म्हणजे सशाची मिठाई, एक चकती पुरे. कांदा, लसूण, बटाटा अजिबात नाही. आणि घरातला मनी प्लांट दोघांच्याही तोंडापासून लांब टांगा. लिलीचं फूल तर मांजर असलेल्या घरात आणूच नये.

वायरी केसिंगमध्ये घाला. ससा त्या कापतो, नंतर मांजर त्या तारेशी खेळतं.

ओळख: पाच पायऱ्या

दिवस मोजू नका. पुढे जायचं की थांबायचं हे ससा ठरवेल.

पहिली पायरी, वासाची. आठवडाभर दोघांनी एकमेकांना पाहायचंच नाही. एक जुना टॉवेल सशाच्या अंगावरून हलकेच फिरवा आणि मांजराच्या खाण्याच्या वाटीजवळ ठेवा. मांजराच्या अंगावरून फिरवलेलं फडकं सशाच्या खोलीत, पण त्याच्या खाण्याच्या आणि लपण्याच्या जागेपासून लांब. ससा वास घेऊन परत गवताकडे वळला की हळूहळू फडकं जवळ आणा. मग एक-दोनदा खोल्यांची अदलाबदल करा. मांजर बाहेर ठेवून सशाला हॉल फिरू द्या, ससा दुसरीकडे असताना मांजराला त्याची खोली हुंगू द्या. ज्याला हॉल आधीच ठाऊक आहे, पळायच्या वाटा पाठ आहेत, तो ससा पुढे कमी घाबरतो. ही पायरी लोक गाळतात.

दुसरी पायरी, जाळीआडून दर्शन. वेळ निवडण्यात खरी खुबी आहे. दोघंही तांबडं फुटताना आणि दिवेलागणीला सर्वांत जागे असतात, आणि तीच मांजराची शिकारीची वेळ. म्हणून भेट दुपारी ठेवा, जेवणं झाल्यावर, मांजराला आधी पंधरा मिनिटं काठीच्या खेळण्याशी दमवून. जाळीच्या एका बाजूला सशाला कोथिंबीर, दुसऱ्या बाजूला मांजराला उकडलेल्या चिकनचे तुकडे. सुरुवातीला दोन वाट्यांमध्ये दहा फूट अंतर, वेळ पाच मिनिटं. दोघं खात राहिले तर दुसऱ्या दिवशी वाट्या वीतभर पुढे. कोणी खाणं थांबवलं तर दुसऱ्या दिवशी हातभर मागे.

या पायरीवर मांजराला एक शब्द शिकवा. मी ‘बंड्या, इकडे’ म्हणायचे आणि त्यानं नजर वळवली की तुकडा. टक लावून बघणं तोडता येणं, एवढं जमलं की पुढचं काम सोपं होतं. ओरडू नका, पाणी मारू नका. मांजर त्यातून इतकंच शिकतं की ससा आला की वाईट घडतं.

तिसरी पायरी, एका खोलीत पण मांजर बांधलेलं. मांजराला आधी आठ-दहा दिवस हार्नेसची सवय लावा. हार्नेस नुसता गळ्यात नको, छातीवर बसणारा हवा. माणसं दोन. एक मांजराजवळ जमिनीवर बसेल, दुसरा काहीच करणार नाही, फक्त सशावर लक्ष. ससा मोकळा, त्याची खोकी जागेवर. त्याला मांजराकडे नेऊन ठेवायचं नाही, मांडीवर धरून हुंगवायचं तर नाहीच. यायचं की नाही हे त्याच्यावर सोडा. खारी तिसऱ्या दिवशी स्वतःहून आली, बंड्याच्या पाठीला नाक लावलं आणि परत फिरली. मी तेव्हा श्वाससुद्धा घेतला नव्हता. दहा मिनिटांत संपवा, सगळं छान चाललेलं असतानाच संपवा.

आणि ससा अचानक धावू लागला तर? ते आनंदानंही असू शकतं. ससे खूश झाले की हवेत उडी मारून अंगाला पीळ देतात, खोलीभर सुसाट धावतात. मांजराच्या डोक्यात मात्र पळणारी वस्तू म्हणजे पाठलाग. म्हणून हार्नेस काढण्याआधी मांजरानं धावणारा ससा निदान आठ-दहा वेळा पाहिलेला असावा आणि त्या वेळी ते तुमच्याकडे वळलेलं असावं. बंड्याच्या बाबतीत मी इथेच चुकले. त्यानं बसलेली खारी पाहिली होती, धावणारी पाहिली नव्हती.

चौथी पायरी, दोघं मोकळे, तुम्ही तिथेच. तिथेच म्हणजे मोबाइल बाजूला ठेवून, हाताशी उशी घेऊन. मांजर झेपावलं तर उशी मध्ये घालायची, हात घालायचा नाही. पंधरा मिनिटांपासून सुरू करा. दोन मांजरं असतील तर आधी एकेक. दोघांना एकदम सोडलं की एक पुढून आणि एक मागून असं आपसूक घडतं आणि सशाला पळायला वाट उरत नाही.

पाचवी पायरी म्हणजे रोजचं जगणं. तुम्ही घरात जागे असताना एकत्र. रात्री, आणि घराला कुलूप लागलं की, मध्ये जाळी बंद. आमच्याकडे दोन वर्षं झाली, हा नियम एकदाही मोडलेला नाही. ‘आमची मांजरं काही करत नाहीत’ असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण माझी जाळी बंद असते.

अंगावरची भाषा

मांजराची धोक्याची लक्षणं ठळक असतात: पोट जमिनीला टेकलेलं, डोळे मोठे, कान पुढे, शेपटीचं नुसतं टोक हलतंय, मागचा भाग किंचित डुलतोय. मागचा भाग डुलला की पुढच्या क्षणी झेप आहे. लगेच नाव घ्या, मध्ये उशी घाला, सत्र संपवा. डोळे अर्धे मिटून पाय पोटाखाली घेऊन बसलेलं मांजर ठीक आहे. चाटून पुसून अंग साफ करायला लागलं तर आणखी छान.

सशाचं वाचन कठीण, कारण तो भीती लपवतो. सशाच्या जातीत कण्हणारा आधी मरतो. भेदरलेला ससा ओरडत नाही, दगडासारखा बसतो, आणि आपण म्हणतो किती शांत आहे! फरक नाकात दिसतो. निवांत सशाचं नाक संथ हलत असतं, घाबरलेल्याचं फार वेगानं किंवा मुळीच नाही. डोळे बाहेर आलेले, कडांना पांढरं दिसतंय, कान पाठीला चिकटलेले, अंग चपटं, म्हणजे ही भेट आत्ता संपवायची. मागचा पाय जमिनीवर आपटणं हा इशारा आहे, साऱ्या घराला. दात हळू कुरकुरणं सुखाचं. जोरानं करकरणं वेदनेचं.

आणि ज्याची वाट पाहायची ते हे: ससा एका कुशीवर धपकन आडवा होतो, मागचे पाय लांब पसरतो, पोट दिसतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो मेला असंच वाटतं. मांजर खोलीत असताना सशानं असं अंग टाकलं तर त्या दिवशी गोड करावं.

कधी गोष्ट उलटी असते. खारी धीट झाल्यावर मनीला तिच्याच बैठकीवरून हुसकावू लागली, पायांना चावे घेऊ लागली. मांजर गरीब असलं तरी त्याचाही अंत पाहू नये. अशा वेळी सशाला त्याच्या खोलीत नेऊन पाचोळा, पुठ्ठा, खणायला मातीचं टोपलं देऊन गुंतवा आणि मांजराच्या वरच्या जागा वाढवा.

जमल्यावरही सांभाळायचे दिवस

दिवाळीत फटाक्यांचे चार-पाच दिवस दोघांना वेगळं ठेवा. घाबरलेलं मांजर समोर असेल त्याच्यावर राग काढतं. खिडकीत परका बोका येऊन गुरगुरला तरी हेच होतं. बाहेरच्यावर पोहोचता येत नाही, म्हणून पंजा सशावर पडतो. बोका दिसला की आधी पडदा ओढा, मग सशाला आत घ्या, मांजराला तासभर एकटं राहू द्या.

एप्रिल-मे सशांना फार कठीण जातो. त्याला घाम येत नाही, कानांतून उष्णता बाहेर टाकतो, आणि तापमान २८ अंशांच्या वर गेलं की त्याचे हाल सुरू होतात. गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून जवळ ठेवा, एखादी जादा फरशी सावलीत टाका, कान ओल्या बोटांनी पुसा. थंड फरशीवर मांजरंही येऊन बसतात, त्यामुळे अशा जागा तीन हव्यात. पावसाळ्यात पिसवा वाढतात, गवताला बुरशी येते. वास बदललेलं गवत टाकून द्या.

नख किंवा दात लागलाच तर

थांबून बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर. मांजराच्या दातानं झालेलं भोक सुईएवढं असतं आणि सशाच्या दाट लोकरीत दिसतही नाही. पण मांजराच्या तोंडातले पाश्चुरेला जातीचे जिवाणू आत खोल जातात. सशाचा पू आपल्यासारखा वाहत नाही, पनीरसारखा घट्ट असतो, गळू आतल्या आत पसरतं. बोटांनी केस उलटे फिरवून मान, पाठ, मांड्या, पोट तपासा. जखम सापडली तर सलाइननं किंवा उकळून गार केलेल्या पाण्यानं धुवा. हळद भरू नका, मलम लावू नका, ससा ते चाटून गिळतो.

घरात मांजराचं किंवा आपलं उरलेलं अँटिबायोटिक तर मुळीच देऊ नका. अमॉक्सिसिलिन तोंडानं दिलं की सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि ससा औषधानंच जातो. डॉक्टर सशांचे नेहमीचे नसतील तर तुम्हीच नम्रपणे विचारा, ‘हे सशाला तोंडानं चालतं ना?’

जखम नसेल, नुसती झटापट किंवा पाठलाग झाला असेल, तरी सशाला अंधाऱ्या शांत जागी ठेवा, आवडती कोथिंबीर समोर ठेवा आणि पुढचे बारा तास दोन गोष्टी मोजा: घास आणि लेंड्या. लेंड्या लहान, कमी किंवा बंद झाल्या, पोट फुगलं, ससा कोपऱ्यात मुडपून बसला, की रात्र आहे म्हणून सकाळची वाट बघायची नाही.

जमलंच नाही तर

काही मांजरांच्या डोळ्यांतली शिकार कधीच जात नाही. तीन-चार महिने नीट प्रयत्न करूनही मांजर जाळीसमोरून हलत नसेल, किंवा ससा मांजराच्या चाहुलीनं खाणं सोडत असेल, तर पाळ्या लावा. सकाळी हॉल सशाचा, संध्याकाळनंतर मांजरांचा, मधलं दार बंद. जाळीऐवजी भरीव दार, म्हणजे एकमेकांचं दर्शनही नको. माझ्या ओळखीचं एक कुटुंब डोंबिवलीच्या छोट्या फ्लॅटमध्ये सहा वर्षं असंच राहतंय आणि त्यांचा ससा टुणटुणीत आहे.

तेही शक्य नसेल तर सशासाठी दुसरं घर शोधा. त्याला टेकडीवर, शेतात किंवा सोसायटीच्या बागेत सोडू नका. रानात दिसतो तो ससा वेगळी जात आहे, त्याला तिथली वाट, लपायच्या जागा, वास सगळं ठाऊक असतं. आपला पाळीव ससा तिथे पहिली रात्रही काढत नाही. नवं घर सापडेपर्यंत दोन-तीन महिने लागतील असं धरून चाला, आणि तोवर रात्री झोपण्याआधी जाळीची कडी एकदा हातानं ओढून पाहा.